थांबणाऱ्या यंत्राची बाजू

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, मिशिगन या राज्यांत आणि त्यांच्या शेजारच्या कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात जी मराठी कुटुंबे आता दोन-तीन पिढ्यांपासून स्थायिक झालेली आहेत, त्यांच्या घरांतील दिवाणखान्याची, स्वयंपाकघराची, किंबहुना देवघराचीसुद्धा वर्णने इकडच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. परंतु जिच्या आधारावाचून त्या घरांत पौष-माघाचे दिवस काढणे केवळ अशक्य, त्या तळघरातील गॅसच्या फर्नेसविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. याचे कारण उघड आहे. फर्नेस चालू असते तोवर ती कोणाच्या ध्यानात नसते, आणि बंद पडते तेव्हा तिच्याविषयी जे बोलले जाते ते लिहिण्याजोगे नसते.

शिकागो किंवा मिनिआपोलिस येथे जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरणे ही नवलाची गोष्ट नव्हे. ३० जानेवारी २०१९ रोजी तर शिकागो शहराने उणे तीस अंश सेल्सिअस अनुभवले. अशा रात्री फर्नेस थांबली म्हणजे काही तासांत घर गारठते, आणि वेळीच लक्ष न दिल्यास भिंतींच्या पोटातील नळ गोठून फुटतात, व मग बर्फ वितळल्यावर जे पाणी खोल्याखोल्यांतून हिंडते त्याचा बंदोबस्त करता करता वसंत ऋतू उजाडतो. तेव्हा अशा प्रसंगी घरधन्याला संताप येणे स्वाभाविक आहे. तथापि तो संताप ज्या दिशेने धावतो ती दिशा मला सर्वस्वी चुकीची वाटते, आणि या यंत्राच्या बाजूने कोणी तरी वकीलपत्र घ्यावे म्हणून हा लेखनप्रपंच. थांबलेली फर्नेस पुष्कळदा आपले नेमून दिलेले काम अत्यंत चोखपणे बजावीत असते. तिला कोणत्या कारणाने थांबावे लागले याची चौकशी न करता तिला कसेही करून पुन्हा पेटविणे, ही जी आपली घाई आहे, ती मात्र माणसे मारू शकते.

हे पटण्यासाठी यंत्राच्या अंतर्गत कारभाराची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. हा कारभार एखाद्या जुन्या शिस्तीच्या कचेरीसारखा आहे. खालच्या कागदाची रुजुवात झाल्यावाचून वरचा हुकूम येथे सुटत नाही. खोलीतील उष्णता ठरविलेल्या अंशाखाली गेली, की भिंतीवरचा थर्मोस्टॅट चोवीस व्होल्टच्या बारीक तारेवरून तळघराकडे मागणी पाठवितो. मागणी आली म्हणून गॅस लगेच सोडला जात नाही. ज्यास तेथील कारागीर नुसते ‘बोर्ड’ म्हणतात ते नियंत्रक मंडल प्रथम धुराड्याच्या तोंडाशी बसविलेला एक लहान पंखा, म्हणजे इन्ड्यूसर, सुरू करते. मागच्या खेपेचा उरलासुरला गॅस व धूर बाहेर लोटून टाकणे हे त्याचे काम. आणि धूर बाहेर जाण्याजोगी ओढ खरोखर निर्माण झाली आहे किंवा नाही, हे पाहण्याची जबाबदारी रबरी पडदा असलेल्या एका छोट्या कळीवर, प्रेशर स्विचवर, सोपविलेली असते. धुराडे मोकळे असेल तरच तो पडदा ओढला जातो आणि विजेची टोके जुळतात. पुष्कळ यंत्रांत याहीपुढची दक्षता आहे. पंखा सुरू होण्यापूर्वीच ही टोके जुळलेली आढळली, तर बोर्ड काम तेथेच तहकूब करते. घटना घडण्याआधीच सही करून बसलेल्या साक्षीदारावर कोणता शहाणा मामलेदार विश्वास ठेवील?

धुराड्याची साक्ष पटली म्हणजे सिलिकॉन नायट्राइडची एक कांडी विजेने तापून नारिंगी होते, त्यानंतर गॅसची झडप उघडते, बर्नरांची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेट घेते, आणि मग या सर्व योजनेतील मला सर्वांत मनोहर वाटणारी कल्पना कामाला लागते. रांगेतील शेवटच्या बर्नरवर धातूची एक साधी सळई अशी बसविलेली असते की तिचे टोक ज्योतीत बुडून राहावे. ज्योत ही विजेची वाहक आहे, ही गोष्ट शाळेत शिकूनही आपण विसरलेलो असतो. सळईवर उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा दाब दिला म्हणजे ज्योतीमधून ती एका दिशेने अधिक व दुसऱ्या दिशेने उणी जाते, आणि या विषमतेतून एक अत्यंत क्षीण असा एकदिश प्रवाह उत्पन्न होतो. इतका क्षीण, की तो अँपिअरच्या दशलक्षांशांत मोजावा लागतो. तापलेल्या पत्र्याकडून हा प्रवाह मिळत नाही, जमिनीला चिकटलेल्या तारेकडूनही मिळत नाही, तो केवळ जिवंत ज्योतच देऊ शकते. चार-सात सेकंदांच्या मुदतीत ही साक्ष पुढे आली नाही तर झडप मिटते, पंखा ज्योतीचा कोठा झाडून काढतो आणि प्रयत्न पुन्हा आरंभापासून सुरू होतो. असे तीन-चार प्रयत्न निष्फळ झाले म्हणजे बोर्ड स्वतःला कुलूप घालून घेते व एका बारीक दिव्याची ठरावीक उघडझाप करीत स्वस्थ बसते. ती उघडझाप म्हणजेच त्याचे लेखी निवेदन होय. तिचा अर्थ सांगणारा तक्ता यंत्राच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटविलेला असतो, आणि तो वाचण्याची तसदी घेणारा गृहस्थ विरळा.

सारे यथासांग पार पडले तर अर्ध्या-एक मिनिटाने मोठा पंखा सुरू होऊन घरातील हवा तापलेल्या कोठ्यावरून फिरवितो. ही हवा आणि ज्योतीचा धूर यांचा परस्परांशी स्पर्श होता कामा नये. दोहोंच्या मध्ये केवळ पोलादाची पातळ भिंत असते, तिचे महत्त्व पुढे येईलच.

इतक्या संशयाची आवश्यकता कोणाला वाटली असेल, असे वाचक विचारतील. ही व्यवस्था एका दिवसात कोणी कागदावर मांडलेली नाही. पूर्वी तळघरात कोळशाची भट्टी असे आणि तिच्याकडे पाहणारा माणूस असे; विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवीत असताना खोलीची उष्णता पाहण्यासाठी शिपाई वारंवार वर्गात येई, या व्यत्ययाला कंटाळून त्यांनी उष्णता बदलताच तळघरात घंटा वाजविणारे विजेचे उपकरण तयार केले व १८८३ मध्ये त्याचा एकस्वाधिकार मिळविला. दोनच वर्षांनी मिनिआपोलिसच्या आल्बर्ट बट्झ यांनी घंटेच्याही पुढे जाऊन भट्टीचे झाकण आपोआप उघडणारी साखळी सिद्ध केली. पुढे न्यू जर्सीतील मॉरिसटाउनच्या ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने गॅसवर चालणाऱ्या आणि निरनिराळ्या खोल्यांना स्वतंत्र नळ्यांतून उष्ण हवा पुरविणाऱ्या भट्टीच्या आराखड्याचा एकस्वाधिकार २३ डिसेंबर १९१९ रोजी घेतला. या क्रमात माणसाची नजर हळूहळू तळघरातून निघून गेली. ती गेल्यावर तिची जागा कशाने तरी भरणे प्राप्तच होते, आणि ही जागा ज्या कळांनी व सळयांनी भरली त्यांच्यावरच आपण आता चिडतो.

गॅसचा स्वभाव तर असा, की त्यास मुळात वासही नाही. टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेत तेलविहिरींतून निघणारा फुकटचा गॅस काटकसर म्हणून जोडून घेतला होता; तो इमारतीखालच्या पोकळीत साठला व १८ मार्च १९३७ रोजी एका यंत्राच्या ठिणगीने पेटून जवळजवळ तीनशे जीव, त्यांत बहुसंख्य मुले, काही क्षणांत गेले. त्यानंतर गॅसमध्ये कुजक्या अंड्यासारखा दर्प मिसळण्याचे बंधन टेक्सासने घातले आणि ते सर्वत्र पसरले. आज स्वयंपाकघरात सिलिंडरची नळी सैल असता आपल्याला जो वास येतो, तोही असाच मुद्दाम मिसळलेला असतो. पण न जळलेल्या गॅसला दर्प देता आला, तसा अर्धवट जळलेल्या गॅसला देता येत नाही. पुरेशी हवा न मिळालेल्या ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रंगहीन, गंधहीन, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटणारा असतो. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या हिशेबाप्रमाणे, आगीशी संबंध नसलेल्या अपघाती विषबाधेने या एका वायूपायी त्या देशात दरसाल चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावतात. ही सर्व फर्नेसमुळेच मरतात असे नव्हे. मोटारी, विद्युत्‌जनित्रे, शेगड्या यांचाही त्यांत वाटा आहे. परंतु बंद दारे-खिडक्यांच्या घरात रात्रभर जळणारी ज्योत ही फर्नेसचीच असते.

आता प्रत्यक्ष तक्रारींकडे वळू. ज्यांचे मुलगे, मुली, सुना तिकडे आहेत आणि ज्यांनी नातवंडे सांभाळण्याच्या निमित्ताने तिकडचे हिवाळे काढले आहेत, अशा माझ्यासारख्या वडीलधाऱ्यांनी तर हे अवश्य ऐकावे. कारण मुले कामावर गेल्यावर दिवसा त्या यंत्राच्या सहवासात आपणच असतो.

सर्वांत सामान्य बिघाड हा बिघाडच नसतो. तळघराच्या जिन्यापाशी किंवा यंत्राच्या अंगावर फर्नेसचे स्वतंत्र बटण असते, आणि ते दिव्याच्या बटणासारखेच दिसते. विनाकारण जळणारा दिवा मालविल्याखेरीज ज्यांना चैन पडत नाही अशा संस्कारांत वाढलेले आजोबा तळघरातून वर येताना ते बटण बंद करतात, आणि दोन तासांनी घरातील सर्वांची धांदल उडते. यंत्राचे दार नीट बसले नसेल तरीही ते चालत नाही, कारण दारामागे एक कळ आहे. फिल्टर बदलून दार अर्धवट टेकवून ठेवले, की झालेच. थर्मोस्टॅटमधील साध्या पेन्सिल सेलची शक्ती संपली तरी तोच परिणाम. एवढ्या तीन गोष्टी पाहण्यापूर्वी कारागिराला बोलावणे म्हणजे त्याच्या फेरीचे पैसे दान करणे होय.

यानंतर फिल्टर. त्याच्याविषयी दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, तो वर्षानुवर्षे तसाच ठेवण्याचा. आणि दुसरा, दुकानातील सर्वांत दाट विणीचा फिल्टर आणून आपण घरातील हवा गंगाजळासारखी केली असे मानण्याचा. एक इंच जाडीचा फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलावा लागतो. आणि फार दाट फिल्टर त्या यंत्राच्या पंख्याला झेपत नसेल, तर नवा असतानाच तो तुंबलेल्या फिल्टरासारखा वागतो. हवा कमी फिरली, की कोठा प्रमाणाबाहेर तापतो आणि तापमानाची मर्यादा सांभाळणारी कळ, लिमिट स्विच, ज्योत विझविते. थोड्या वेळाने कोठा निवला की पुन्हा पेटविते. घर मात्र तापत नाही, आणि ‘यंत्र सारखे चालू-बंद होते’ अशी फिर्याद दाखल होते.

याच सदरात आपल्या काटकसरी वृत्तीचा आणखी एक प्रताप मोडतो. मुलांच्या मोठ्या घरात तीन-चार खोल्या रिकाम्या असतात; त्या कशाला तापवायच्या, असे म्हणून आपण जमिनीतील जाळ्या एकामागून एक बंद करीत सुटतो. हेतू उत्तम, पण पंखा तितकीच हवा ढकलू पाहतो, नळ्यांतील दाब वाढतो, कोठ्यावरून जाणारी हवा घटते, आणि गॅसची बचत होण्याऐवजी लिमिट स्विचची धावपळ वाढते. या यंत्राला घर एकसंध तापविण्याच्या मापाने बसविलेले असते. बचत करावयाचीच असेल तर रात्री थर्मोस्टॅट दोन-तीन अंश खाली आणावा, पांघरुणावर आणखी एक रजई घ्यावी, आणि जाळ्यांना हात लावू नये; त्यांवर सामानाच्या पेट्या व सोफेही रचू नयेत.

ज्योत पेटते, चार सेकंद डौलाने जळते आणि विझते. पुन्हा पेटते, पुन्हा विझते. ही तक्रार फार ऐकू येते. हिच्या मुळाशी बहुधा वर सांगितलेली सळईच असते. तिच्यावर काळाने एक अदृश्यप्राय पुट चढते आणि ज्योत उत्तम जळत असूनही तिची साक्ष बोर्डापर्यंत पोचत नाही. वीज व गॅस बंद करून, एक स्क्रू काढून, ती सळई अत्यंत बारीक पोलादी लोकरीने हलकेच पुसली म्हणजे यंत्र पूर्ववत चालते. हाताला सवय असलेल्या घरधन्याने हे करण्यास माझी हरकत नाही. परंतु दर महिन्याला ती पुसावी लागत असेल, तर दोष सळईत नाही; ज्योत कशाने मळते याचा शोध दुसरीकडे घ्यावयास हवा.

नव्या यंत्रांविरुद्ध एक सरसकट आरोप असा, की जुनी फर्नेस तीस वर्षे तक्रारीवाचून चालली आणि नवी दर हिवाळ्यात रुसते. यात तथ्य आहे, पण अर्धे. अखंड जळणारी पायलट ज्योत असलेल्या जुन्या यंत्रात गॅसच्या उष्णतेपैकी तिसरा हिस्सा तरी धुराड्यातून आकाशात जाई. अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्याने १९९२ पासून किमान ७८ टक्के कार्यक्षमतेचे बंधन घातले, आणि कॅनडाने जुलै २०१९ पासून ९५ टक्क्यांचे. इतकी उष्णता पिळून काढावयाची म्हणजे धुरातील वाफेचे पाणी होईपर्यंत धूर निववावा लागतो. म्हणून या यंत्रांतून दिवसाकाठी कित्येक लिटर आम्लधर्मी पाणी निघते, त्यासाठी नळी व सापळा लागतो, आणि धूर इतका थंड असतो की तो विटांच्या धुराड्याऐवजी प्लॅस्टिकच्या पांढऱ्या नळीने भिंतीतून बाहेर सोडतात. पाण्याचा सापळा गाळाने तुंबला, की पाणी मागे सरकते, प्रेशर स्विचला ओढ मिळत नाही, यंत्र थांबते. हिमवादळात भिंतीबाहेरील त्या नळ्यांसमोर बर्फाचा ढीग साचला, किंवा उन्हाळ्यात गांधीलमाश्यांनी आत घर केले, तरीही तेच. यंत्र काय म्हणते ते ऐकले तर समजते: धूर जाण्यास वाट नाही, सबब मी ज्योत पेटविणार नाही. यापेक्षा सरळ उत्तर कोणत्या सरकारी दप्तरातून आजवर मिळाले आहे? घरधन्याने फावडे घेऊन बर्फ बाजूला करावा, उत्तर बदलते.

याच ठिकाणी मनुष्यस्वभाव आडवा येतो. प्रेशर स्विचच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला, तर बोर्डाची फसवणूक होऊन यंत्र सुरू होते, हे कोणत्या तरी चलच्चित्रात पाहून ठेवलेला एखादा हुशार शेजारी प्रत्येक वसाहतीत असतो. कारागीर तपासणीपुरता क्षणभर असा जोड देतो, आणि लगेच काढतो. घरधनी तो देतो आणि झोपी जातो. बर्नरांच्या तोंडाशी आणखी एक कळ असते, जी ज्योत आपल्या जागेतून बाहेर उलटली तर कायमची तुटते व हाताने दाबल्यावाचून जुळत नाही. ती हातानेच जुळविण्याची ठेवली, यामागे हेतू हा की कोणा माणसाने तेथे येऊन ज्योत का उलटली याचा विचार करावा. नुसती कळ दाबून माघारी फिरणे म्हणजे पंचनामा न करता प्रेत हलविण्यासारखे आहे. गॅसची झडप, तिचा दाब, बर्नरची छिद्रे, आणि ती पोलादी भिंत, यांस गृहस्थाने हात लावू नये. ज्योत निळी व स्थिर आहे की पिवळी व लवलवती, आणि मोठा पंखा सुरू होताच ती डगमगते काय, इतके काचेतून पाहावे व कारागिराला सांगावे. अशा वर्णनाने त्याचा अर्धा तास वाचतो.

कारागिरांच्या धंद्याविषयीही चार शब्द कठोरपणे बोलणे भाग आहे. त्यांत निष्णात व प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत. भर वादळात रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या तळघरात गुडघे टेकणाऱ्या माणसाविषयी मला आदरच वाटतो. परंतु शरद ऋतूत नाममात्र दराने ‘वार्षिक तपासणी’ करून देण्याच्या जाहिराती काढावयाच्या, आणि एकदा घरात शिरल्यावर कोठ्याची भिंत तडकली आहे, विषारी वायू घरात येईल, आज रात्रीच नवे यंत्र बसवा, असे सांगून दुपारपर्यंत करारावर सही घ्यावयाची, ही रीत काही ठिकाणी चांगली रुजली आहे. तडक खरोखर असू शकते, आणि असली तर यंत्र बंदच केले पाहिजे; म्हणूनच ते भय विकण्यास सोयीचे. एका परिचितांच्या घरी असे निदान झाल्यावर त्यांनी तडक दाखविण्याची मागणी केली, तेव्हा दाखविणारा फारच घाईत निघाला. दुसऱ्या कारागिराने कॅमेरा आत घालून कोठा धडधाकट असल्याचे दाखविले आणि काळाठिक्कर पडलेला फिल्टर त्यांच्या हाती दिला.

माझे म्हणणे असे, की तपासणीचे मोल शब्दांत न घेता आकड्यांत घ्यावे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण किती, आत जाणारी व बाहेर येणारी हवा यांच्या तापमानात अंतर किती आणि यंत्राच्या पाटीवर दिलेल्या मर्यादेत ते बसते काय, गॅसचा दाब किती, सळईचा प्रवाह किती दशलक्षांश: हे चार आकडे तारखेनिशी लिहून मागावेत व यंत्राशेजारी एका कागदावर टाचून ठेवावेत. पुढच्या वर्षी दुसरा कारागीर आला, की जुन्या व नव्या आकड्यांचा पडताळा घेता येतो. जो कारागीर आकडे देण्यास कुरकुरतो त्याने ते मोजलेलेच नसतात. आणि ही तपासणी ऑक्टोबरात उरकावी. पहिल्या कडाक्याच्या रात्री सारे गाव एकदम हाका मारू लागते.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मविषयी मात्र मतभेदाला जागा नाही. ऑन्टारिओतील वुडस्टॉक येथे २००८ मध्ये गॅसच्या शेकोटीची धूरवाट तुंबल्यामुळे आईवडील व दोन मुले असे संपूर्ण कुटुंब गेले; घरात अलार्म नव्हता. त्या मृत्यूंनंतर चाललेल्या खटपटीतून पाच वर्षांनी प्रांताने असा अलार्म सक्तीचा करणारा कायदा केला. तो निजण्याच्या खोल्यांजवळ असावा, सात-दहा वर्षांनी बदलावा, आणि त्याची भाषा घरातील प्रत्येकास ठाऊक असावी. मधूनमधून येणारी एकच चिवचिव म्हणजे बॅटरी संपत आली. चार ठोके व विराम, पुन्हा चार ठोके, म्हणजे क्षणाचाही विलंब न लावता, अंगावर असेल त्या कपड्यांनिशी बाहेर. आपल्या घरांत उदबत्ती, कापूर, फोडणी यांमुळे धुराचा अलार्म वेळी-अवेळी केकाटतो, आणि त्या त्राग्यात स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढून ठेवण्याची वहिवाट पडते. हात आपोआप दुसऱ्याही अलार्मकडे जातो. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. डोके जड होणे, मळमळणे, ग्लानी येणे ही लक्षणे परदेशी थंडीच्या नावावर सहज खपतात. घरातील सर्वांचेच डोके एकदम दुखत असेल, आणि बाहेर फेरी मारून येताच बरे वाटत असेल, तर ते पडसे नव्हे.

हे सर्व इकडच्या वाचकाला परक्या मुलखातील वाटेल. तथापि हाच वायू आपल्याकडेही दर हिवाळ्यात माणसे नेतो, आणि तो नेतो न्हाणीघरातून. विजेचे बिल वाचावे म्हणून घेतलेला गॅस गीझर, वाव तीन हात, खिडकी थंडीमुळे लावलेली, दाराला आतून कडी. नंतर वृत्तपत्रात छोटीशी बातमी येते, आणि ती वाचून आपण चुकचुकतो. या गीझरांत ज्योत विझल्यास गॅस बंद करणारी कळ बहुधा असते. पण धूर बाहेर गेला की नाही, हे विचारणारी कळ त्यांत कोठून असणार? धूर नेणारी नळीच बहुतेकांना नसते. ज्योत खोलीतील प्राणवायू खात राहते, तो कमी होईल तसतशी ती अधिकाधिक विष ओकते, आणि यंत्र आपले बिनतक्रार चालू असते. मिनेसोटातील तळघरात जी फर्नेस ‘धुराला वाट नाही’ म्हणून संपावर जाते आणि शिव्या खाते, तिच्याशी या आज्ञाधारक गीझराची तुलना करून पाहावी, म्हणजे मी कोणाची वकिली करीत आहे आणि का, हे ध्यानात येईल.

यावर तजवीज अवघड नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, सज्जात किंवा उघड्या हवेस लागून बसवावा व आत फक्त गरम पाण्याची नळी न्यावी; ते शक्य नसेल तेथे तो बसवूच नये. दुकानदाराचा माणूस दहा मिनिटांत भिंतीला भोके पाडून निघून जातो, त्याच्याकडून ‘जागा पाहिली, हवेची व्यवस्था पाहिली’ असे लेखी घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. नगरपालिकांनी भोगवटा प्रमाणपत्र देताना न्हाणीघराच्या झरोक्याकडे जितके बघावयास हवे तितके त्या बघत नाहीत, हे सर्वांना माहीत आहे, आणि झरोका असला तरी पुढे भाडेकरू त्यावर पुठ्ठा ठोकतो. म्हणून सध्या तरी हे काम सहकारी गृहसंस्थांनीच अंगावर घेतलेले बरे. पुण्यातील वा नाशकातील एखाद्या संस्थेने येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी व वाहनतळ या दोन सनातन विषयांच्या मध्ये कोठे तरी ‘सभासदांच्या घरांतील गॅस गीझरांची पाहणी’ हा विषय घालून पाहावा. गणपूर्ती होणार नाही हे गृहीतच आहे, पण सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरविता येते.